काय लागलं तर सांगा

हणमा, तुझ्या चितेची लाकडं मी चुकीच्या स्मशानात उतरवली.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तरी तुला कळेल आणि तो त्यात आपल्या पदरची भर घालेल. तसा तू त्या दिवशी हजर होतास म्हणा, पण तुझं लक्ष नव्हतं.

कुपवाडात आपल्या गल्लीत कुणाच्याही घरी मयत झालं की पहिला फोन तुला जायचा. बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, शेणी-गोवऱ्या, लाकूड, सगळं तुझ्या बोटांवर. मी तुझ्या मागं. तू तिरडी बांधायचास आणि मी सुतळीचं टोक धरून उभा राहायचो. "टोक धरायला माणूस लागतो," तू म्हणायचास, "अक्कल लागत न्हाई." एवढ्या वर्षांच्या या अनुभवावर, तुझी वेळ आली तेव्हा सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. सदाला म्हायती हाय, सदाला पुढं पाठवा. आणि मला काही माहीत नाही हे सांगायचं धाडस मला आजवर कधी झालेलं नाही.

तुला गावी न्यायचं ठरलं होतं. मी सकाळीच जीपनं पुढं गेलो. म्हसवडच्या अलीकडं तुमच्या गावात उतरलो, पत्र्याची नवी शेड असलेली स्मशानभूमी दिसली. एका ट्रॅक्टरवाल्याकडून बाभळीची लाकडं आणि शेणी मागवल्या आणि स्वतः उभा राहून रचून घेतल्या. जाड ओंडके खाली, मधे शेणी, वर फाटे, तू शिकवलंस तसं. फोटोसुद्धा काढला. कशासाठी ते विचारू नकोस. तुला दाखवायला काढला असणार.

तुमच्या घरची मयतं कुठं नेतात, एवढं एक वाक्य कुणाला तरी विचारावं, ते मला सुचलं नाही. तुमच्या भावकीत माणसाला वस्तीवरच, ओढ्याकाठी आपल्या रानात निरोप देतात. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये तीन किलोमीटर आणि एक चढ. सांगलीच्या दवाखान्यातून तुझी गाडी परभारे वस्तीवर गेली. मीही मागोमाग पोचलो. तुझा चुलतभाऊ मारुती घाम पुसत विचारायला लागला.

"सदाभाऊ, लाकडं कुठायत?"

"लावून ठेवल्यात की. एकदम व्यवस्थित."

"आवं, पण कुठं?"

मी गावाच्या दिशेनं हात केला. मारुतीनं हाताकडं बघितलं, गावाकडं बघितलं, मग ओढ्याकडं बघितलं. माझ्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही, आणि ते फार वाईट होतं. ट्रॅक्टरवाला रिकामी ट्रॉली घेऊन दुसऱ्या भाड्याला दहिवडीकडं गेलेला, फोन बंद.

मग जे झालं ते तुला सांगायचं आहे, कारण तू तेवढा वेळ ओढ्याकाठी लिंबाखाली आडवा होतास. एकेक मोटारसायकल सुरू झाली. मागं बसलेल्याच्या मांडीवर आडवे ओंडके. शेणी पोत्यांत. बायांनी पाट्या घेतल्या. कुपवाडातून आलेली आपल्या कारखान्यातली माणसं, इस्त्रीच्या कपड्यातली, खांद्यावर बाभळ घेऊन चढ चढली. एक म्हातारा सायकलच्या कॅरियरला चार शेणी बांधून ढकलत आला. त्याला मी म्हटलं, राहू द्या आबा. तो म्हणाला, "का? तुझ्या बाच्या हायत व्हय?" त्या माणसाला मी ओळखत नाही. तू कधी काय केलं होतंस त्याच्यासाठी, ते विचारायचं राहिलं.

सगळं उरकलं. लोक परतायला लागले. मी वहिनींपाशी गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "वहिनी, काय लागलं तर सांगा." आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

विट्यात चहाला थांबलो तेव्हा ते वाक्य माझ्या घशात परत आलं. लाकडांचं एक वेळ सोड. हे मी काय बोलून आलो?

या वाक्यावर तर आपलं जन्माचं भांडण. तू त्याची नक्कल करायचास: धड रस्त्याकडं, तोंड घराकडं, एक हात फाटकावर. "काय लागलं तर सांगा हां." आणि तरातरा चालायला लागायचास. कारखान्यातली पोटभर हसायची. मी हसायचो नाही, कारण नक्कल माझी होती.

"ज्याचं घर बसलंय त्यो तुला काय सांगणार, सदा?" तू म्हणायचास. "त्याला तरी ठावं असतंय का काय लागतंय ते? जायाचं आन् बघायचं. आदी चपला बघायच्या, मग चूल, मग पाण्याचा माठ. तोंडाकडं शेवटी. तोंड काय, खोटंबी बोलतंय."

मी म्हणायचो, न विचारता लोकांच्या चुलीपर्यंत जाणं ही मदत नव्हे, दरोडा आहे. तू म्हणायचास, मग दरोडा घाल, पण फाटकातनं बोलू नको.

महापुराच्या साली सांगलीतली माणसं वर कुपवाडात शाळेत येऊन राहिली होती. सगळ्यांनी बिस्किटं आणि जुन्या साड्या आणल्या. साड्यांचा नुसता डोंगर. मीही बिस्किटंच नेली होती, आणि त्यातला एक पुडा शाळेच्या ओट्यावर बसून खाल्ला. तू वहिनींना घेऊन एक चक्कर मारलीस, निघून गेलास आणि तासाभरानं खोकं घेऊन आलास. परकर, नाड्या, सेफ्टी पिना, कंगवे. साड्या होत्या, पण नेसायच्या कशावर? एवढ्या माणसांत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ही गोष्ट मी पुढं कितीतरी लोकांना सांगितली. हणमानं नुसतं बघितलं आणि त्याला कळलं. भांडणात मी तुझ्या विरुद्ध, आणि बाहेर तुझा भाट. माझं सगळंच असं.

आता पायाचं. ते टाळत होतो.

आठ महिन्यांपूर्वी मी उभ्या गाडीवरून पडलो. चालत्या नव्हे, उभ्या. स्टँड लावलाय असं समजून मी ऐटीत एका बाजूला कललो आणि स्टँड लावला नव्हता. पायाला प्लास्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी तू हजर. चपला बघितल्यास, चूल बघितलीस, माझ्या शालनला म्हणालास, "वहिनी, तुमी व्हा बाजूला," आणि मला उचलून न्हाणीत स्टुलावर बसवून आंघोळ घातलीस. प्लास्टरवर पिशवी बांधून, पाठ घासून, कानामागं सुद्धा. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी जावई मुक्कामी होते. ते सोप्यात पेपर वाचत बसलेले, आणि आतून तुझा आवाज गल्लीभर: "सदा, वर कर हात. काखेत घान हाय नुसती."

मी ओरडलो. "तुला कुणी बोलावलं हुतं का रं? मी मागितली हुती का मदत? ऊठसूट घरात घुसायला ही काय धर्मशाळा हाय?"

तू तांब्या खाली ठेवलास. हळू ठेवलास, वाजू दिला नाहीस. "बरं," म्हणालास. मला टॉवेलनं कोरडं केलंस, खाटेवर आणून बसवलंस आणि गेलास. परत आला नाहीस.

मी वाट बघितली, हणमा. रोज सकाळी दाराकडं कान. आलास की म्हणणार होतो, चुकलं. पण मी तुझ्याकडं यायचं आणि म्हणायचं, हे मला जमलं नाही. पाय हे कारण होतं. पाय बरा झाल्यावर दुसरं कारण शोधलं. तू रस्त्यातून मान हलवायचास, मीही हलवायचो. दोन माना हलत राहिल्या.

आणि मग तू दवाखान्यात आहेस हे मला शालनकडून कळलं. तू गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतंस. हा माझा खरा राग आहे, आणि तो तू गेल्यावरही उतरलेला नाही. सगळ्यांच्या चुली बघत फिरलास आणि स्वतःच्या घराला कडी लावून बसलास. आम्हाला एकदा तरी तुझ्यासाठी काही करू द्यायचं होतंस. द्यायचा आनंद सगळा तूच खाल्लास. हे मी सांगलीला, तुझ्या खाटेशी उभं राहून बोलणार होतो. जिना चढेपर्यंत पाठ केलं होतं. तुझ्या हाताला नळी, तोंड एवढंसं झालेलं. माझ्या तोंडातून काय निघालं?

"हणमा, काय लागलं तर सांग."

तू हसायला लागलास. हसता हसता खोकला. "अर्ज कुठं द्यायचा, सदा?"

मी म्हणालो, गाडी चुकीच्या जागी लावलीय, बघून येतो. गाडी बरोबर जागी होती. मी परत वर आलो नाही. चौथ्या दिवशी तू गेलास.

त्याला आता महिना होऊन गेला. माझं बूड एका जागी ठरत नाही. हे एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून दारात जाऊन आलो. शालन म्हणते, "बसा की. भवऱ्यागत काय फिरताय." तुझा मुलगा सुट्टी संपवून पलटणीत परत जाताना मला भेटला. म्हणाला, "काका, आई आता वस्तीवरच ऱ्हाईल. कुपवाडची खोली कवातरी रिकामी करायला लागंल." तो 'कवातरी' म्हणाला. मी 'आत्ता' ऐकलं. कारण मला काहीतरी करायला हवं होतं, आणि ते तुझ्यासारखं करायचं होतं. न विचारता.

खोलीची किल्ली आमच्याकडंच होती. टेम्पो सांगितला. शालन दारात कमरेवर हात ठेवून उभी. "विचारलं का वहिनीस्नी?"

"विचारायचं नसतं," मी म्हणालो. "हणमा कवा विचारायचा?"

"तुमी हणमाभाऊजी न्हवं," ती म्हणाली. मी तिकडं लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर हे पत्र इथंच संपलं असतं.

वहिनींचं सगळं भरलं. गाद्या, भांडी, देवघर. आणि ज्यांच्यावर त्या रोज कारखान्यातल्या माणसांच्या डब्याच्या भाकऱ्या करायच्या त्या दोन शेगड्या, मोठे तवे, परात. एक चमचा मागं ठेवला नाही. विट्यापर्यंत छाती फुगलेली होती. तुझ्याशी मनात बोलत होतो. बघ गड्या, घातला दरोडा.

वस्तीवर पोचलो. वहिनी मागं गोठ्याकडं होत्या. मी तुझा नियम काढला. आधी चपला: वहिनींच्या चपला पुसून, बाहेर तोंड करून ठेवलेल्या. चूल: थंड, राखसुद्धा काढलेली. माठ: पालथा. बाई जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. बरोबर वेळेवर आलो. टेम्पोवाल्याला म्हटलं, उतरव पटापटा. पहिली शेगडी मी स्वतः उचलून दाराशी असलेल्या एका पिशवीवर ठेवली.

वहिनी आल्या. नवी साडी, केस विंचरलेले. उभ्या राहिल्या.

"भावजी, हे काय?"

"तुमचं सामान. सगळं आणलंय."

"कशाला?"

"लागंल की हितं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मला वाटलं."

त्यांनी शेगडीकडं बघितलं, शेगडीखालच्या पिशवीकडं बघितलं. "मी बाराच्या यष्टीनं कुपवाडला निघालीया," त्या म्हणाल्या. "म्हणून माठ पालथा घातला. त्या पिशवीत माझी चटणी हाय. वरनं शेगडी ठेवलीसा."

हणमा, चूल थंड असली की दोन अर्थ होतात हे तू मला सांगितलं नव्हतंस.

मी उतरवलेल्या गादीवर बसलो. तोंडातून आपोआप निघालं, "ह्यो हणमाचा नियम. त्यो कधी विचारायचा न्हाई, नुसतं बघायचा. म्हणून मी..."

"कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाल्या. "त्या पुराच्या वक्ताला नाड्यांचं कुणी काढलं? बायका काय त्यास्नी सांगणार हुत्या? मी एकेकीपाशी बसून विचारलं. ते बाजारला गेले. आख्ख्या गल्लीत मी विचारायची आन् ते आणायचे. नाव झालं त्यांचं. होऊ दे की, माझंच माणूस हुतं." परातीकडं बघत म्हणाल्या, "मला तेवढं कुणी विचारलं न्हाई. त्यांनीबी."

टेम्पोवाला परातीची कड पुसत उभा राहिला. मला उठून कुठंतरी जायचं होतं, गाडी वगैरे बघायला. पाय हलले सुद्धा. मग मी परत बसलो.

"वहिनी," मी म्हणालो, "काय पाहिजे तुमाला?"

आणि थांबलो. तुला सांगतो, एवढं अवघड काम मी लेथवर सुद्धा कधी केलं नाही. कोंबड्या फिरत होत्या. मी तोंडाकडं बघत राहिलो, आधी तोंडाकडंच.

"पैली ती शेगडी काढा," त्या म्हणाल्या. मी काढली. "हितं सगळी लय चांगली हायत. भाकरी आणून देत्यात, पाण्याला हात लावू देत न्हाईत. बसवून ठेवत्यात. महिनाभर नुसती बसलीया मी. डबेवाली माणसं तेवढी फोन करत्यात, मावशी, कवा येताय? एवढ्या दिसांत मला 'कवा' म्हणून इचारणारी तीच. पोराला काल सांगितलं फोनवर. त्यो म्हणला, तुझं तू ठरीव. मला माझ्या भाकऱ्या करायच्यात, भावजी. हात थांबलं की ते आठवत्यात."

खोलीची किल्ली घरमालकाला द्यायची मी विसरलो होतो, म्हणजे खोली अजून वहिनींचीच होती. माझ्या विसरभोळेपणानं जन्मात एकदाच कुणाचं तरी भलं केलं. ते सांगितल्यावर वहिनी पहिल्यांदा हसल्या.

मग सामान परत चढवायला लागलो. गादी उचलताना मी त्यांच्याकडं न बघता विचारलं, हणमा माझ्यावर रागावून गेला का?

"राग न्हवता. लाजले हुते," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले आन् म्हणले, मी नुसता सदाच्या पायाकडं बघत ऱ्हायलो. त्यो लाजत हुता, ते तोंडावर हुतं, मी बघितलंच न्हाई. रोज म्हणायचे, जातो आन् इचारून येतो, येऊ का म्हणून. आमच्या दारापतूर जायाचे आन् माघारी फिरायचे."

म्हणजे मी आत कान लावून बसलो होतो आणि तू तुझ्या दारात चपलेत पाय घालून उभा होतास. मध्ये तीन घरं. हणमा, आपण दोघं काय लायकीचे होतो रं.

मी गादी खाली ठेवली. मग परत उचलली. चुकलं, हे मी तेव्हा म्हटलं. गादीला म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं. वहिनींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हे तुझ्याकडूनच शिकल्या असतील, की तू त्यांच्याकडून, आता मला काहीच खात्रीनं सांगता येत नाही.

सामान चढलं. मारुती आणि वस्तीवरच्या बाया निरोपाला आल्या. सगळ्यांसमोर मला जरा बरं बोलावंसं वाटलं. इतके दिवस मनात घोळवत होतो ते काढलं. म्हटलं, "वहिनी, एक सांगू का? त्या दिवशी लाकडं चुकीच्या जागी पडली ते एका अर्थी बरंच झालं. हणमानं कधी कुणाला काय करू दिलं न्हाई. माझ्या चुकीनं सगळ्यांचा हात लागला त्याला."

मारुतीनं मान हलवली. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं. मी टेम्पोत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी चढायला लागलो. रस्ता दाखवायला कुणीतरी पुढं हवं.

वहिनींनी माझा शर्ट मागून धरला.

"तुमी मागं सामानात बसा, भावजी. पुढं बसलासा तर मलाबी भलत्याच मसणात उतरवाल."